काळजाचा तर्जुमा

डॉक्टरांनी मला लिहायला रोज अर्धा तास मंजूर केला आहे. उशीला टेकून, पाय लांब करून बसायचं आणि दमल्यासारखं वाटलं की वही मिटायची. म्हणून हे तुकड्यातुकड्यांनी आलं आहे, चालवून घ्यावं. छातीच्या दुखण्यानं खाटेवर पडून जो घरातल्या माणसांची तोंडं वाचत असेल, त्याच्या हे उपयोगी पडावं अशी इच्छा आहे. पण खरं कारण दुसरंच आहे. माझ्या दुखण्याचा बोल आमच्या भावकीत अजून माझ्या थोरल्या भावाला, दादांना लावतात. तो चुकीच्या माणसाला लागला आहे, आणि हे सांगायला माझ्याकडं किती दिवस आहेत ते मला ठाऊक नाही.

मी कळंबच्या तहसील कचेरीत कारकून. वय शेहेचाळीस. शाळा निजामाच्या राज्यात झाली, तीही उर्दूतून. विलीनीकरण झालं, पुढं आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, आणि माझ्यासारख्याच्या वाट्याला एकच काम आलं. जुने उर्दू कागद वाचायचे आणि त्यांचं मराठी करायचं. आम्ही त्याला तर्जुमा म्हणायचो. शेजारच्या टेबलावरचे चिडवायचे की घरी बायकोनं जेवायला हाक मारली तरी हे आधी तिचा तर्जुमा करतात आणि मगच पाटावर बसतात. मला राग यायचा नाही. माझा शब्द चुकत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मला फार आवडायची.

दुखणं

चैत्रातली दुपार होती. कागदावर मान खाली घालून बसलो होतो आणि दोन्ही बरगड्या जिथं मिळतात त्याच्या खाली कोणी तरी मूठ घालून पिळल्यासारखं झालं. अंग घामानं भिजलं. बाहेर जाऊन ओकलो. आदल्या दिवशी खाल्लेल्या भज्यांना शिव्या घालत घरी चालत आलो. सुमननं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

डॉक्टर तरुण. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाजारपेठेत दवाखाना घातला होता, मागं तीन खाटांची एक खोली होती. त्यांनी बराच वेळ छाती ऐकली. इतका वेळ ऐकलेलं मला आवडलं नाही.

"डावा हात जड वाटतो?"

"थोडा. दिवसभर लिहितो ना."

"डाव्या हातानं लिहिता?"

मी डावा हात पांघरुणाखाली घेतला. ते म्हणाले, छातीचा आलेख काढायचं यंत्र सोलापूरला आहे, पण या रस्त्यानं गाडीत हेलकावे खात तुम्हाला तिकडं न्यायला मी तयार नाही. त्यापेक्षा रक्त पाठवू. नवीन तपासणी निघाली आहे. शरीरातला एखादा भाग दुखावला की त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं आणि ते मोजता येतं.

"कुठला भाग?" मी विचारलं.

त्यांनी आधी सुमनकडं बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "काळजाला इजा झाली असेल तर रक्त सांगेल."

दादा तेव्हा घरातच होते. ते बेंबळीला शेती करतात. येरमाळ्याच्या जत्रेला जायचं म्हणून दोन दिवस आधी आमच्याकडं आले होते. डॉक्टर त्यांना ओसरीवर घेऊन गेले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. दादा आत आले तेव्हा त्यांनी पागोटं काढून हातात धरलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "पडून ऱ्हा म्हनलेत."

कंपाउंडर करीमचाचांनी रक्त काढलं. नळी उभी करून ठेवली, खाली रक्त साकळलं, वर पिवळसर पाणी राहिलं. ते एका छोट्या बाटलीत भरलं आणि सोडा-लेमनवाल्याकडून आणलेल्या बर्फात, थर्मासमध्ये ठेवून, एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली केलं. ती गाडी बार्शीवरून सोलापूरला जायची. माझा निकाल ड्रायव्हरच्या सीटखाली बसून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना जत्रेत कॉलऱ्याची लस टोचायला येरमाळ्याला जायचं होतं. तीन दिवसांचं काम. निघताना दारात उभे राहून ते म्हणाले, "मी रिपोर्ट बघेपर्यंत खाटेवरून उठायचं नाही. परसाकडलासुद्धा नाही."

कागद

शनिवारी ऊन कलताना करीमचाचा स्वतः कागद घेऊन आले. इंग्रजीत एक लांबलचक नाव होतं, पुढं एकशे अडुसष्ट आकडा, आणि खाली छापलेलं होतं की चाळीसपर्यंत ठीक. चाचा दोन वर्षांपूर्वीपर्यंत हैदराबादेत एका मोठ्या दवाखान्यात होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"नंबर बहुत बढ़ गया है साब. ये जाँच हमारे हैदराबाद में जिगर के वास्ते करते थे, पीलिया के मरीज की. मगर डाक्टर साब को आने दो. तब तक उठना नक्को."

एवढं बोलून ते दवाखाना उघडायला गेले. त्यांनी एक शब्द खोटा सांगितला नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

दादा माझ्या पायाशी बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जिगर म्हंजे काय रं?"

"जिगर म्हणजे काळीज, दादा."

"कंचं काळीज? बकऱ्याचं असतंय, तव्यावर भाजत्यात ते?"

"तेच."

"आन् धडधडतंय ते?"

"ते दिल. ते वेगळं."

दादा माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे ही कावीळ म्हन की."

"हो. डॉक्टरही काळीजच म्हणाले होते."

आपल्या बोलीत काळजं दोन असतात. खाटकाकडं मागतो ते एक, आणि भीतीनं धस्स होतं ते दुसरं. उर्दूत दोघांना दोन नावं आहेत, मराठीत आपण एकाच शब्दावर दोघांची सोय केली. डॉक्टरांनी कुठलं काळीज म्हटलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. सुमनकडं बघून त्यांनी आवाज उतरवला होता, आणि यकृताबद्दल सांगताना कोणी आवाज उतरवत नाही. कचेरीत दोन अर्थांचा शब्द आला की समासात खूण करायची आणि साहेबांना विचारायचं, हा माझा स्वतःचा नियम होता. त्या दिवशी मी खूण केली नाही. कावीळ म्हणजे पथ्यपाणी करायचं, महिनाभर डोळे पिवळे राहायचे आणि माणूस उठून कामाला लागायचा. मला कावीळच हवी होती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सुमनला चहा टाकायला सांगितलं.

"तू म्हनतूस तर तसंच असंल," दादा म्हणाले.

डॉक्टरांचं वाक्य होतं, मी रिपोर्ट बघेपर्यंत. आम्ही दोघांनी मिळून त्याचं, रिपोर्ट येईपर्यंत, असं केलं. रिपोर्ट तर आला होता.

नदी

मांजरेच्या पलीकडं तीन मैलांवर एका वस्तीत काविळीचं औषध देणारा म्हातारा होता. रविवारी दिवस उगवायला, उपाशीपोटी जायचं असायचं. सुमन आडवी आली. "डॉक्टर नको म्हणाले होते ना? ते आल्यावर जा की."

मी म्हणालो, "दादा म्हणतात."

दोनच शब्द. दादा गाडी जुंपायला बाहेर गेले होते, त्यांनी ते ऐकले नाहीत.

म्हाताऱ्यानं कसलासा पाला चुरगाळून त्याचे थेंब माझ्या नाकात पिळले. मेंदूपर्यंत आग गेली. नाकातून पिवळं पाणी गळायला लागलं. ते बघून म्हातारा खूष झाला. बघा कशी उतरतीय, म्हणाला. त्याचा एक कडक नियम होता. औषध घेतलं की वाहनात बसायचं नाही, वाटेत टेकायचं नाही, आपल्या पायांनी घर गाठायचं. दादांनी बैलगाडी एका गड्याबरोबर पुढं लावून दिली आणि आम्ही चालायला लागलो.

अर्ध्या मैलावर दादा म्हणाले, "जरा बसू."

"तुम्ही म्हातारे झालात," मी त्यांना चिडवलं.

पुन्हा थोडं चालल्यावर म्हणाले, "सावलीला थांबू की." मी थांबलो नाही. ऊन चढत होतं. मागून जत्रेला निघालेल्या गाड्या येत होत्या, बायका आई राजा उदो उदो म्हणत होत्या, धुळीनं काही दिसत नव्हतं. एका गाडीवानानं कासरा ओढला.

"पाव्हणं, बसा गाडीत. तोंड पांढरंफेक पडलंय तुमचं."

दादांनी माझा दंड धरला. "बस. नियम-बियम जाऊ दी."

"एवढं केलं ते वाया जाईल, दादा."

गाडी निघून गेली. दादा ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत उभे होते. त्या वेळी मला वाटलं, थकलेत.

मांजरेचं पात्र कोरडं होतं, नुसती वाळू. वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. मधोमध आलो आणि ती मूठ पुन्हा आली. या वेळी ती सोडायला तयार नव्हती. छाती, गळा, जबडा, डाव्या हाताची करंगळी, सगळं एकदम. मी गुडघ्यावर बसलो, मग आडवा झालो. वाळू तापलेली होती, तरी मला थंडी वाजत होती. आपण मरतोय हे अगदी स्पष्ट कळत होतं, त्यात दोन अर्थ नव्हते.

दादांनी मला पाठुंगळी घेतलं. ते तेव्हा पंचावन्नचे होते. वाटभर मला कोणाचा तरी घरघरणारा श्वास ऐकू येत होता, आणि तो माझा की त्यांचा हे मला समजत नव्हतं.

कोण म्हणालं?

येरमाळ्याला निरोप गेला आणि दुपारपर्यंत डॉक्टर एका सरकारी जीपमधून आले. मी दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीकडच्या खाटेवर होतो. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाडी धरली, आणि मग सोलापूरचा कागद वाचला. सुमननं काविळीच्या औषधाचं सांगितलं, तसं त्यांनी वर बघितलं.

"कावीळ आहे असं कोण म्हणालं?"

खोलीत सुमन होती, करीमचाचा होते, दादा होते. माझे डोळे मिटलेले होते, पण मी जागा होतो.

"म्या," दादा म्हणाले.

मला वाटलं होतं, आता मी डोळे उघडीन आणि सांगीन. अशक्तपणा होता, हे खरं. पण एक शब्द बोलण्याइतकी ताकद होती, हेही तितकंच खरं. मी डोळे मिटूनच ठेवले.

सहा आठवडे

मग सहा आठवडे उताणं पडायचं. या आजाराला तेव्हा एवढंच औषध होतं म्हटलं तरी चालेल. कूस आपली आपण बदलायची नाही. पेला आपल्या हातानं धरायचा नाही. सुमन चमच्यानं भात भरवायची, न्हावी येऊन दाढी करायचा, आणि बाकीचं सगळंही दुसऱ्यांच्या हातानं. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, दुसऱ्यात राग आला, आणि तिसऱ्यापासून मी छताच्या कड्या मोजायला लागलो.

रक्त पुन्हा सोलापूरला गेलं. कागद आला तेव्हा सगळे म्हणाले, आकडा उतरला. सुमन जरा जास्तच हसून म्हणाली. पण कारकुनाला समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचता येतो. पहिला आकडा एकशे अडुसष्ट होता. दुसरा दोनशे नव्वद. मी कोणाला काही बोललो नाही. त्यांनी मला फसवण्यासाठी एवढे कष्ट घेतले होते, ते मोडवेनात.

शेजारच्या खाटेवर एक आडत दुकानदार आणला. हसरा माणूस, पित्त झालंय म्हणायचा, संध्याकाळी घरी जातो म्हणायचा. त्याचंही रक्त गाडीनं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत चहा ओतताना तो थांबला, बशी कलली, आणि संपलं. त्याच दिवशी त्याचा कागद आला. करीमचाचांनी तो उघडून वाचला, घडी घातली, आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. रिकाम्या खाटेचा कागद कुठं ठेवायचा हे त्यांना सुचत नव्हतं.

त्या दिवसापासून मला एसटीच्या हॉर्नची भीती बसली. बार्शीकडून येणारी गाडी वाजली की माझी नजर दाराकडं लागायची.

तिसऱ्या खेपेचा आकडा खरंच उतरला. डॉक्टर खाटेवर बसले. म्हणाले, "आता तुम्हाला खरं सांगतो, कारण तुम्ही तसंही वाचताच. आकडा उतरला म्हणजे पुढची नासाडी थांबली. झालेली भरून येत नाही. नदीत तुमच्या हृदयाचा जो तुकडा गेला तो गेला. उरलेल्यावर भागवायचं."

"किती दिवस?"

"रक्त इतकं सांगत नाही."

दिलासा अगदीच नव्हता असं नाही. करीमचाचा दुपारी उर्दू पेपर वाचून दाखवायचे, मोठ्या बातम्या सोडून विहिरीत पडलेल्या म्हशी, हरवलेल्या सायकली असलं काहीबाही. तेवढा अर्धा तास मी आजारी नसायचो.

पण मला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. दादा बेंबळीची शेती सोडून माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिले होते. माझं भांडं तेच उचलायचे. आणि सुमन त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट आणायची, त्यांच्यापुढं ठेवायची आणि तोंड फिरवून जायची. वाढू का, हेसुद्धा विचारायची नाही. एकदा मी झोपलोय असं समजून तिनं त्यांना विचारलं, "तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं व्हय, दादा? माझं कपाळ पुसायला निघाला होतात तुम्ही."

दादा म्हणाले, "चुकलं, बाई."

त्यांनी सफाई दिली नाही. मीही दिली नाही. मनाशी म्हणायचो, आत्ता बोललो तर धक्का बसेल, हृदयाला ताण पडेल, बरं झाल्यावर बोलू. हाही मी माझ्या सोयीचा लावलेला अर्थच होता. दरम्यान दादा वाळत चालले. भाकरी अर्धी खायचे. माझ्या खाटेखाली त्यांचे उसासे मला ऐकू यायचे, आणि मी छताच्या कड्या मोजायचो.

बोललो ते

सहा आठवड्यांनी घरी आलो. उंबरा ओलांडायला मला दोन माणसं लागली. मृग जवळ आला होता, पेरणी तोंडावर होती, आणि दादांना बेंबळीला जाणं भाग होतं. सकाळच्या गाडीनं ते निघणार होते. धोतर नेसून, पिशवी घेऊन ते माझ्यापाशी टेकले.

"येतो. जपून ऱ्हा."

तेव्हा मला दिसलं की हे आता असेच जातील, आणि मी मेलो तर माझा मृत्यू जन्मभर स्वतःच्या पाठीवर घेऊन फिरतील. माझी छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती धडधडली की बोलणं बंद. मी बोललो.

"दादा, काविळीला हो मी म्हणालो होतो. डॉक्टर कुठल्या काळजाबद्दल बोलत होते ते मला कळलं होतं. मी मुद्दाम दुसरं सांगितलं. आणि हिला सांगितलं की तुम्ही म्हणताय."

सुमन दादांसाठी भाकरी बांधत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि ती होती तिथंच भिंतीला धरून खाली बसली.  मला वाटलं दादा रागावतील. रागावले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. 

"डाक्टरनं त्या दिशी वसरीवर मला फोड करून सांगितलं हुतं," ते म्हणाले. "हार्ट हाय, हलला तर भाऊ हातचा जाईल, आसं. तवापास्नं ते खोटं ठरावं आसं वाटत हुतं. आन् माझा बी जलम निजामाच्या राज्यात गेलाय, बाबा. जिगर म्हंजे काय हे मला ठावं न्हवतं व्हय? म्या तुला इचारलं, ते हार्ट सोडून तू कायतरी दुसरं सांगावंस म्हनून."